स्कोअरशीटवरचा कोरा छत्तीस

खेळाडू म्हणून मी कधी नाव कमावलं नाही. शाळेत पीटी शिकवली आणि बावीस वर्षं बास्केटबॉलच्या टेबलवर बसले. टेबलवर बसणं म्हणजे काय, हे नागपुरातल्या कुठल्याही कोर्टावरचं पोरगं सांगेल. कोर्टाच्या मधोमध, रेषेबाहेर एक लांब टेबल असतं. तिथे टाइमकीपर, स्कोअरर आणि त्यांचे मदतनीस बसतात. मी स्कोअरर. कुणी बास्केट टाकला, कुणाचा फाउल झाला, कुणी टाइमआउट मागितला, सगळं एका कागदावर येतं आणि सामना संपल्यावर त्या कागदावर जे असतं तेच खरं मानलं जातं.

मागच्या वर्षी मुलीकडे लिथुआनियाला तीन महिने राहून आले. ती आणि जावई काउनासला नोकरी करतात. त्यांचं घर झालियाकाल्निस नावाच्या टेकडीवरच्या भागात आहे. खालच्या शहरातून वर यायला १९३१ सालची दोरावर चालणारी ट्रॉली अजून चालू आहे. पहिल्या रविवारी मुलगी मला फिरायला घेऊन गेली. "आई, तुला आवडेल अशी एक जागा दाखवते," एवढंच म्हणाली. ओकच्या मोठ्या झाडांचं एक रान आहे, त्याला अझ्वोलिनस म्हणतात. त्याच्या कडेने पेर्कूनास या मेघगर्जनेच्या जुन्या देवाच्या नावाचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर एक लांबलचक इमारत समोर आली. शेजारी स्टेडियम.

"ही १९३९ची," मुलगी म्हणाली. "युरोपात खास बास्केटबॉलसाठी बांधलेलं पहिलं क्रीडागृह. इथे युरोपची तिसरी चॅम्पियनशिप झाली. लिथुआनियाचा लात्व्हियाशी सामना झाला, ३७–३६."

दाराला कुलूप होतं. मी बाहेरच उभी राहिले आणि तो आकडा डोक्यात धरून राहिले. एका गुणाचा सामना म्हणजे काय, हे मला फार आतून माहीत आहे.

ते आधी सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आंतरशालेय मुलींची फायनल होती. शेवटच्या दोन मिनिटांत एका मुलीने फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा फेक, टाकला आणि मी त्याचा ठिपका समोरच्या संघाच्या रकान्यात भरला. सामना ४१–४० असा संपला, तो माझ्या कागदावर ४०–४१ दिसत होता. रेफरीची सही व्हायच्या आत माझ्या मदतनिसाने चूक पकडली. रेफरीने दोन्ही कोचना बोलावलं आणि दुरुस्ती झाली. पण जिचा तो गुण होता ती मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही. माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होती. तेव्हापासून एका गुणाच्या सामन्याची शीट मी तीनदा तपासल्याशिवाय सोडली नाही.

म्हणून काउनासच्या त्या दारासमोर माझ्या मनात एकच आलं: या सामन्याची स्कोअरशीट मला लिहायची आहे. जितकी लिहिता येईल तितकी. हे वेड होतं हे मला मान्य आहे. पण तीन महिने हातात होते आणि घरात करायला फारसं काही नव्हतं.

सुरुवात भाग्यपत्रिकेपासून, म्हणजे कोण कोणाशी कधी खेळणार त्या मांडणीपासून केली, कारण ते काम मला झोपेतही येतं. १९३९मध्ये आठ संघ होते: लिथुआनिया, लात्व्हिया, एस्टोनिया, पोलंड, फ्रान्स, इटली, हंगेरी आणि फिनलंड. २१ ते २८ मे, आठ दिवस. आणि साखळी पद्धत, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. मी वाणसामानाच्या पिशवीचा कागद फाडून आठ चिठ्ठ्या केल्या. एक चिठ्ठी टेबलावर चिकटवली, उरलेल्या सात तिच्याभोवती गोल मांडल्या आणि प्रत्येक फेरीला एकेक घर पुढे सरकवल्या. सात फेऱ्या, फेरीला चार सामने, एकूण अठ्ठावीस. नागपुरात शाळांची साखळी मी अशीच लावत असे. जावई शेजारी चहा घेऊन उभा होता. म्हणाला, "मम्मी, हे तर घड्याळ झालं." बरोबर, घड्याळासारखंच आहे ते.

पद्धतीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबते. पहिली युरोपीय स्पर्धा १९३५च्या मे महिन्यात जिनिव्हात झाली. बास्केटबॉलचा आंतरराष्ट्रीय महासंघही याच शहरात, तीन वर्षं आधी, १९३२ साली स्थापन झाला होता. जिनिव्हात दहा संघ आणि तीन दिवस, म्हणजे बाद पद्धतीशिवाय गत्यंतर नव्हतं. स्पेनला तर तिथे पोचण्यासाठी आधी माद्रिदमध्ये पोर्तुगालला ३३–१२ असं हरवावं लागलं. फायनलला लात्व्हियाने स्पेनला २४–१८ हरवलं. लिथुआनिया त्या दहांत नव्हताच. जिंकलेल्या लात्व्हियाकडे पुढची स्पर्धा आली, १९३७ला रीगामध्ये, आणि तिथे लिथुआनियाने इटलीला फायनलमध्ये २४–२३ने हरवलं. तोही एकाच गुणाचा सामना. हरलेल्या संघाला बाद पद्धतीत निदान घरी जाता येतं. साखळीत पहिल्या दिवशी एका गुणाने हरलेला संघ तो गुण पाठीवर घेऊन आठवडाभर खेळतो. लात्व्हियाचं काउनासमध्ये तेच झालं, कारण यजमानांचा पहिलाच सामना त्यांच्याशी होता.

मग ग्रंथालय. दर शनिवारी मुलगी सोबत यायची आणि मधल्या वारी मी एकटी जायची. १९३९ची वर्तमानपत्रं पडद्यावर बघता येत होती. पहिल्या दिवशी मला एक अक्षर कळलं नाही. लिपी रोमन असली तरी अक्षरांना वर-खाली शेपट्या आणि टोप्या. बास्केटबॉलला त्यांचा स्वतःचा शब्द आहे, क्रेपशिनिस. क्रेपशिस म्हणजे टोपली. तो शब्द डोळ्यांना ओळखीचा झाला आणि पानावर कुठे थांबायचं ते कळू लागलं. देशांच्या नावांनी मात्र चकवलं. लात्विया, एस्तिया, इतालिया सरळ आहेत. पण लेन्किया म्हणजे पोलंड, वेन्ग्रिया म्हणजे हंगेरी, प्रान्त्सूझिया म्हणजे फ्रान्स आणि सुओमिया म्हणजे फिनलंड, हे मी वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवलं होतं.

आणि आकडे! ग्रंथालयातल्या मुलीने मला दोन ते दहा म्हणून दाखवले तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. दु, त्रिस, केतुरि, पेन्कि, शेशि, सेप्तिनि, अश्तुओनि, देविनि, देशिम्त. संस्कृतच्या बाई शाळेत हेच घोकून घेत होत्या की! द्वि, त्रि, चत्वारि, पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश. तीस म्हणजे त्रिस्देशिम्त, तीन दशकं. सदतीस म्हणजे त्रिस्देशिम्त सेप्तिनि आणि छत्तीस म्हणजे त्रिस्देशिम्त शेशि. ते दोन आकडे मी ट्रॉलीत बसून पुटपुटत घरी आले. समोरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांना बहुतेक कळलं असावं.

वाचायला येऊ लागलं तसं कळत गेलं की मी नुसते आकडे शोधत होते आणि आकड्यांच्या भोवती केवढं काय चाललं होतं. त्या स्टेडियमला नाव आहे दारियुस आणि गिरेनास या दोन वैमानिकांचं. १९३३मध्ये न्यूयॉर्कहून काउनासला विमानाने येताना, शेवटच्या टप्प्यात अपघात होऊन ते गेले. त्यातला स्तेपोनास दारियुस हाच या देशात बास्केटबॉल आणणाऱ्यांतला अग्रणी. अमेरिकेत वाढलेला, परत आलेला. त्याने सुरुवात करून दिली तरी खेळ लगेच जमला नव्हता. १९२५मध्ये लात्व्हियाशी पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा लिथुआनिया ४१–२० असा हरला. लात्व्हिया मोठा भाऊ होता. बारा वर्षांत धाकट्याने रीगात, त्याच्याच घरात, ट्रॉफी उचलली आणि पुढच्या स्पर्धेचं यजमानपद पदरात पाडून घेतलं. यजमानपद आलं, पण खेळायला छप्पर नव्हतं. ते क्रीडागृह त्यासाठी बांधलं गेलं. आनातोलियुस रोझेनब्लियुमास या अभियंत्याचं काम.

बांधकाम चालू असतानाचे महिने मी पानं उलटत पाहिले. १९३९चा मार्च येतो आणि जर्मनी लिथुआनियाकडून क्लाइपेदा हे बंदर निर्वाणीचा खलिता देऊन काढून घेते. देशाचं एकमेव मोठं बंदर. दोन महिन्यांनी त्याच देशात आठ संघांची स्पर्धा. त्यात पोलंडचा संघ आलेला. व्हिल्नियस, म्हणजे लिथुआनिया जिला आपली राजधानी मानत होता ते शहर, तेव्हा पोलंडकडे होतं. म्हणून तर काउनास 'तात्पुरती राजधानी' होती. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध १९३८च्या मार्चपर्यंत नव्हतेच, तेही पोलंडच्या खलित्यानंतर जुळले. चौदा महिन्यांनी त्यांचे खेळाडू काउनासच्या नव्या लाकडी फ्लोअरवर सामना सुरू करणाऱ्या जंप बॉलला उभे. मी भांडणाऱ्या दोन शाळांचे सामने टेबलवरून पाहिलेत. पालक एकमेकांकडे बघत नसतात आणि मुली मात्र फाउल झाला की हात देऊन उठवतात. तिथे कोणी कोणाला हात दिला ते मी बघितलेलं नाही, पण पोलंड तिसरा आला, म्हणजे आठवडाभर नेटाने खेळला, एवढं पत्रिका सांगते.

आता लुबिनास. हे नाव न घेता या स्पर्धेबद्दल काउनासमध्ये कोणी दोन वाक्यं बोलत नाही. प्रानास लुबिनास, अमेरिकेतलं नाव फ्रँक लुबिन. लॉस एंजेलिसला लिथुआनियन आईबापांच्या पोटी जन्मलेला, जवळपास दोन मीटर उंच. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला, तेव्हा सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकेच्या संघात तो होता. ती फायनल उघड्या मातीच्या कोर्टावर, पावसात झाली, १९–८. तोच माणूस तीन वर्षांनी लिथुआनियाकडून उभा राहिला. त्याच्याबरोबर अमेरिकेत वाढलेले आणखी काही होते, फेलिक्सास क्रियाउचियूनास आणि मिकोलास रुझगिस त्यातलेच. लात्व्हियाला हे पटलं नाही.

मला याबद्दल काय वाटतं ते स्पष्ट सांगते. टेबलवरच्या माणसाने पात्रतेचा निर्णय द्यायचा नसतो, ओळखपत्र आणि जर्सीचा नंबर जुळतो का तेवढंच बघायचं असतं. पण माणूस म्हणून विचाराल तर लात्व्हियाचा राग मला समजतो. त्यांनी पहिली स्पर्धा जिंकली, दुसरी आपल्या घरी भरवली, आणि आता समोर ऑलिम्पिकचा सुवर्णपदकवाला. दुसरीकडे, आईबाप पोटासाठी समुद्रापार गेले म्हणून पोराचं गाव तुटतं असंही मी म्हणणार नाही. माझी नात इथेच जन्मेल बहुधा. ती उद्या कबड्डी शिकून नागपूरला खेळायला आली तर तिला परकी म्हणणाऱ्याशी मी भांडेन. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यातली एक निवडायची माझी इच्छा नाही.

एका संध्याकाळी फिनलंडची ओळ सापडली. लिथुआनिया ११२, फिनलंड ९. त्या काळात फायनलला पंचवीस गुण झाले तरी भरपूर. शॉट क्लॉक नव्हतं, चेंडू हवा तितका वेळ ठेवता येई, तीन गुणांचा बास्केट हा प्रकारच नव्हता. आणि इथे एकशेबारा! जावई हसला. मी हसले नाही. आमच्याकडे एका खेड्यातल्या शाळेचा संघ पहिल्यांदा जिल्ह्याला आला होता, पायात साधे कापडी बूट. ६८–३ असा हरला. सामना संपल्यावर तो एक बास्केट आणि एक फ्री थ्रो टाकणारी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, माझं कुठे लिहिलंय ते दाखवा ना." मी दाखवलं. तिने बोट ठेवलं त्या रेघेवर आणि ठिपक्यावर. फिनलंडचे नऊ गुण कुणीतरी एकेक करून लिहिले. आठ संघांत ते शेवटचे आले, पण सातही सामने खेळले, एकालाही पुढे चाल, म्हणजे न खेळता विजय, मिळू दिली नाही. माझ्या दृष्टीने ती पत्रिका पूर्ण आहे ती यामुळे.

लिथुआनियाने सातही सामने जिंकले. लात्व्हिया दुसरा.

त्यानंतर मला थांबायला हवं होतं, पण सवयीने पुढच्या स्पर्धेची भाग्यपत्रिका बघायला गेले. पुढची स्पर्धा सात वर्षांनी, १९४६ला, पुन्हा जिनिव्हात. चेकोस्लोव्हाकिया जिंकला. संघांची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. लिथुआनिया नाही. लात्व्हिया नाही. एस्टोनिया नाही. पहिल्या तिन्ही स्पर्धा या दोन शेजाऱ्यांनी जिंकल्या होत्या आणि यादीत दोघंही नव्हते. १९४०च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजा तिन्ही देशांत शिरल्या होत्या आणि मग ते देश नकाशावरून गेले. १९४७ला प्रागमध्ये सोव्हिएत संघ जिंकला, त्यात या मुलखातले खेळाडू होते, दुसऱ्या जर्सीत.

आमच्या कामात, एखादा संघ वेळेवर आला नाही तर त्याच्या नावासमोर 'गैरहजर' लिहायचं आणि समोरच्याला पुढे चाल द्यायची. पंधरा मिनिटं वाट बघायची, मग लिहायचं. मी त्या रात्री माझ्या घरगुती पत्रिकेवर १९४६चा कागद मांडला आणि पेन्सिल हातात धरून बसले. तीन नावांसमोर काय लिहायचं? गैरहजर लिहवेना. ती नावं मी पत्रिकेत ठेवली आणि समोरची जागा रिकामी सोडली. लिथुआनियाला स्वतःच्या झेंड्याखाली युरोपचं सुवर्ण परत मिळायला २००३ उजाडलं. चौसष्ट वर्षं.

परतायच्या आदल्या दिवशी मुलीच्या प्रिंटरवर एक कोरी स्कोअरशीट काढली, आम्ही वापरतो तीच. वर 'अ' संघ लिथुआनिया, 'ब' संघ लात्व्हिया, स्थळ काउनास. ज्यांनी ही शीट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. उजव्या बाजूला रनिंग स्कोअरचे रकाने असतात, दोन्ही संघांसाठी एक ते एकशेसाठ आकडे छापलेले. दोन गुणांचा बास्केट झाला की संघाच्या नव्या एकूण आकड्यावर तिरपी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर. फ्री थ्रोला भरीव ठिपका. तीन गुणांना नंबरभोवती गोल. दोन गुणांच्या बास्केटला एक आकडा मध्ये कोराच राहतो, कारण संघ त्यावरून उडी मारून पुढे गेलेला असतो.

बहुतेक रकाने मला भरता येणार नव्हते, आणि मी अंदाजाने एक रेघही मारली नाही. पण शेवटचा बास्केट लुबिनासचा होता, हे काउनासमधलं लहान मूलही सांगतं. म्हणजे त्या आधी लिथुआनिया पस्तीसवर होता आणि लात्व्हिया छत्तीसवर, पुढे. मी 'ब'च्या रकान्यात छत्तीसपाशी खूण केली. 'अ'च्या रकान्यात छत्तीस कोरा सोडला आणि सदतीसवर तिरपी रेघ मारली. शेजारी त्याचं नाव लिहिलं.

सामना संपल्यावर दोन्ही संघांच्या शेवटच्या आकड्याखाली दोन जाड आडव्या रेघा ओढायच्या असतात, मग रकान्यात उरलेल्या आकड्यांवरून एक तिरकी रेघ खालपर्यंत. मुलगी शेजारी बसली होती. "आई, पट्टी देऊ?"

"नको," म्हटलं, "टेबलवर आम्ही हातानेच ओढतो."

आधी छत्तीसखाली ओढल्या, मग सदतीसखाली. मग सवयीने तीनदा तपासलं.